नापास खेळाचा गेटपास

शालनबाई लिफ्टमध्ये उभ्या होत्या आणि लिफ्ट नुसती खालीवर करत होती. सकाळचे सव्वानऊ झाले होते. आमच्या वाकडच्या सोसायटीचे जिने आणि पॅसेज पुसणाऱ्या या शालनबाई, पोछा काखोटीला मारून, बादली पायाशी ठेवून, मोबाइलमध्ये डोकं घालून आरशाला टेकल्या होत्या. मी आत आलो, पार्किंगचं बटण दाबलं, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. "कुठे उतरायचंय?" मी विचारलं. "उतरायचं व्हतं सातव्यावर," त्या म्हणाल्या, "पर तीनदा खालीवर झालं. ही एक बाई पळत येतीया बगा, हिला घेतल्याबिगर गाडी सोडवंना." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. धरायची गरज नव्हती. हॉर्नचा तो घसा बसल्यासारखा आवाज मी कुठेही ओळखला असता. पांढरी कंपनी बस, आत पेंगुळलेली माणसं, आणि बाजूच्या आरशात लांबून डबा सावरत पळत येणारी बाई. 'थांबू का?' हे त्या खेळाचं नाव. सध्या चाकणच्या बसमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर, डॉक्टरांच्या बाकावर, जिथे बघावं तिथे माणसं हाच खेळ खेळताना दिसतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत तो मी नापास केला होता. शालनबाई मात्र मला समजावून सांगत होत्या की घाई केली तर बाई राहते आणि थांबलं तर आतली माणसं बोलतात. मी मान डोलावली आणि पार्किंगला उतरलो. त्या पुन्हा वर गेल्या.

गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही. आज चार वाजता चिंचवडला वकिलांकडे जायचं होतं. कागद आदल्या दिवशीच मेलवर आला होता. माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र, मजकूर जेमतेम अर्धं पान. मी, गुरुदत्त अमुक तमुक, वय अठ्ठेचाळीस, असं सांगतो की मृदुला हिने सदर खेळ मला केवळ वीस मिनिटे आणि अपूर्ण अवस्थेत दाखविला, त्यामुळे त्याबाबत मी दिलेले ना-हरकत पत्र अपुऱ्या माहितीवर आधारित होते. खाली सहीची जागा. मी सही केली की ते पत्र रद्द धरता येणार होतं. पत्र रद्द झालं की मृदुला आमच्याकडे नोकरीला असताना तिनं केलेला हा 'थांबू का?' कंपनीचा ठरवायला वाट मोकळी. नाही केली, तर कंपनी दिवाळीपर्यंत टिकत नाही. म्हणजे एका सहीनं एकीचा खेळ जायचा किंवा सही न केल्यानं बत्तीस जणांच्या नोकऱ्या. मला हे तीन वेगवेगळ्या माणसांनी समजावून सांगितलं होतं, आणि तिघांनाही वाटत होतं की माझी अडचण मृदुलाची दया येते ही आहे. माझी अडचण वेगळीच होती. मी तो खेळ वीस मिनिटं पाहिला नव्हता. मी तो अकरा तास खेळलो होतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

मी मुळात खेळातला माणूस नाही. चाकणजवळ निघोज्याला बबनरावांच्या प्रेसशॉपमध्ये बारा वर्षं क्वालिटीला होतो. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही दाबून काढायचो. माझ्या हातात भोकांचं माप तपासायचं गेज असायचं. दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर लाल रंगाचा पट्टा. खात्यात कुणी नवीन आलं की मी पहिल्याच दिवशी सांगायचो, तुला काय वाटतं ते घरी सांगायचं, इथे गेजला विचारायचं. हे वाक्य मला फार आवडायचं. पाहुण्यारावळ्यांतही मी ते ऐकवायचो. लाल पट्ट्याचा माल भंगारात जायचा, पण भंगारसुद्धा फाटकाबाहेर पडायचं तर गेटपास लागायचा. सदर मालावर कंपनीचा हक्क राहिलेला नाही, असं त्यावर छापलेलं, आणि खाली क्वालिटीची सही. बबनराव जुने निघोज्याचेच. ज्या रानात त्यांनी लहानपणी बैल चारले त्याच रानात शेड टाकलेली. संध्याकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे. भंगाराचा टेम्पो निघाला की वॉचमनला विचारायचे, "गुरूची सही हाय का? मग जाऊ द्या." बारा वर्षांत त्यांनी एकदाही टेम्पोत डोकावून पाहिलं नाही. माणसावर असा विश्वास टाकला की तो माणूस कामातून जातो, असं मला आता वाटतं. तेव्हा माझी छाती फुगायची.

त्यांचा मुलगा अनिश परदेशात शिकून आला आणि त्यानं वाकडला मोबाइलवरच्या खेळांची कंपनी काढली. तो मला काका म्हणतो, शाळेत असल्यापासून. बबनरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पोरगं खेळ काढतंय म्हनं. मला त्यातलं काय कळत न्हाई. चांगलं-वाईट बगाया आपला एक खात्रीचा मानूस पायजे. तू जा." कॅरमपलीकडे मी आयुष्यात काही खेळलो नव्हतो. पण मालकानं सांगितलं, गेलो. सहा वर्षं झाली. पहिले तीन महिने मी बाजारात गाजलेले खेळ घेऊन बसलो. पहिलं बक्षीस कितव्या सेकंदाला मिळतं, शत्रू कधी येतो, रंग किती, हरल्यावर माणूस किती वेळात परत येतो, सगळं वहीत उतरवलं आणि त्यातून चौदा मुद्द्यांचा एक फॉर्म तयार केला. शंभर गुणांचा. सत्तरच्या वर पास. पोरं हसली, पण अनिशला तो फार आवडला. त्यालाही कुठेतरी पाय टेकायला जागा हवी होती. जे खेळ चालले होते त्यांचीच मापं घेऊन मी गेज बनवलं होतं. मग जो खेळ आजवर कुणी केलेलाच नाही, त्याला हे गेज लागणार कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. ब्रॅकेटच्या बाबतीत तो कधी पडत नाही. आणि नापास झालेल्या कल्पनेचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मी निघोज्याचा रिवाज जसाच्या तसा उचलून आणला. कंपनीत काम करणाऱ्यानं घरी काही केलं तर आधी आम्हाला दाखवायचं. आम्हाला नको असेल तर गेटपास घ्यायचा आणि घेऊन जायचं. कुठल्या शहाण्या कंपनीनं असला नियम केला नसता. पण आम्ही भंगाराला चोख होतो.

त्या फॉर्मात सगळ्यात जास्त गुण पडले ते 'गडगर्जना'ला. तो अनिशचा स्वतःचा खेळ, कॉलेजपासून डोक्यात असलेला. तोफा, तटबंद्या, घोडदळ, दर चाळीस सेकंदांना मोहरांचा पाऊस. शंभरात एक्क्याण्णव. तो मुद्द्यामुद्द्याला हात चोळत माझ्याकडे बघत होता आणि मी गुण मांडत होतो. एक्क्याण्णवचा आकडा लिहिताना मला जांभई आली होती, हे मला स्पष्ट आठवतं. मी ती हातानं झाकली. फॉर्मात जांभईला रकाना नव्हता. मग दोन वर्षं वीस माणसं त्या खेळावर राबली, अनिशचं लग्न पुढे ढकललं गेलं, त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले. खेळ बाजारात आला त्या दिवशी बबनराव स्वतः पेढे घेऊन वाकडला आले आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी हातावर पेढा ठेवला. नवव्या दिवशी तो खेळ कुणी उघडेना. बैठकीत मी फॉर्म पुन्हा तपासला आणि सगळ्यांना दाखवून दिलं की एकही गुण चुकीचा पडलेला नाही. खरंच पडलेला नव्हता. मग मी समाधानानं घरी गेलो.

मृदुलानं तिचा खेळ दाखवायला आणला तो 'गडगर्जना'वर काम ऐन रंगात असताना. ती आमच्याकडे चित्रं काढायची. राहायला आकुर्डीला, आईबरोबर. बोलणं कमी, डबा एकटीनं खाणारी. चाचणीचा फोन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, रविवारी-रविवारी घरी केलाय. नियम आहे म्हणून दाखवते." संध्याकाळी पार्किंगमध्ये, गाडी काढायच्या आधी, मी सहज उघडला. तुम्ही बसचे ड्रायव्हर. पहाटेची पाळी. थांबे येतात, माणसं चढतात, आणि प्रत्येक थांब्यावर कुणीतरी लांबून पळत येत असतं. थांबायचं की निघायचं, एवढंच काम. थांबलात तर आतल्या कुणाचा तरी अर्धा दिवस कापला जातो. निघालात तर आरशात तो माणूस लहान लहान होत जातो. गुण नाहीत, मोहरा नाहीत. दिवस संपला की नुसती नावांची यादी येते, कोण पोहोचलं आणि कोण राहिलं. दुसऱ्या दिवशी मागे राहिलेला माणूस थांब्यावर सगळ्यांच्या आधी येऊन उभा असतो आणि तुमच्याकडे बघत नाही. किंवा तो नसतोच. पुन्हा कधीच नसतो. मी वर पाहिलं तेव्हा पार्किंग रिकामं झालं होतं. चार दिवस मी हेच केलं. जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी, कामाच्या वेळेत कपाळाला हात लावून दुखण्याचं सोंग करून खाली येऊन. तिसऱ्या दिवशी सहा वाजता इराला, माझ्या मुलीला, आकुर्डी स्टेशनवरून घ्यायचं होतं. ती तेव्हा चौदा वर्षांची. मी पावणेसातला पोहोचलो. तिकीट खिडकीच्या बाजूला दप्तर छातीशी धरून ती उभी होती. "बाबा, मीटिंग होती?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. न रागावता तिनं ते खरं मानलं. मला अजूनही त्याची टोचणी आहे. खोट्या माणसांसाठी बस थांबवून मी बसलो होतो आणि खरी मुलगी तिथे ताटकळत होती.

मला तो खेळ आवडला होता. आवडला म्हणजे किती, हे सांगायला मला शब्द सुचत नाहीत, कारण तशी सवय नाही. छातीत डाव्या बाजूला काहीतरी दुखत होतं आणि ते दुखणं सोडून घरी जावंसं वाटत नव्हतं. निघोज्याच्या बसमधून बारा वर्षं मीही गेलो होतो. खिडकीतून पळणारी माणसं मीही पाहिली होती आणि 'चला ओ' असं आतून ओरडणाऱ्यांत माझाही आवाज असायचा. चौथ्या दिवशी मी टेबलावर बसलो आणि फॉर्म भरला. पहिलं बक्षीस, नाही. शत्रू, नाही. हरल्याची शिक्षा, अस्पष्ट. बेरीज एकतीस. मी पेन खाली ठेवलं, आणि त्या क्षणी मनात जे आलं ते मी नीट लिहून ठेवतो, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. मला वाटलं, माझ्यासारख्या केस गेलेल्या, पत्र्याच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला जे इतकं आवडतं, ते बाजारात चालणं शक्यच नाही. माझं आवडणं हाच मी त्या खेळाविरुद्धचा पुरावा धरला. एकतिसाखाली सही करताना मला उलट फार निःपक्षपाती वाटत होतं. आपल्या आवडीला बळी न पडणारा माणूस. कळतं पण वळत नाही म्हणतात. माझं तर कळलेलंच मी खोटं ठरवलं.

मृदुलानं फॉर्म वाचला. चेहरा हलला नाही. "सर, शेवटपर्यंत गेलात का?" मी म्हणालो, "पुरेसं पाहिलं." ती म्हणाली, "डबा घेऊन पळते ती बाई माझी आई आहे. कौशल्याबाई. खेळात नाव बदललंय. पंधरा वर्षं चाकणला गेली कंपनीच्या बसनं. मला शाळेत सोडून यायची म्हणून रोज उशीर." मग तिनं विचारलं, "तुम्ही तिला घेतलंत की सोडलंत?" त्या बाईला मी एकदाही सोडलं नव्हतं. अकरा तासांत एकदाही नाही. आतल्या सगळ्यांचे पगार कापले गेले तरी मी थांबलो होतो. मी म्हणालो, "आठवत नाही." तिनं फॉर्म माझ्या टेबलावर परत ठेवला. "मग घेऊन जाऊ का सर?" मी गेटपास, म्हणजे तेच ना-हरकत पत्र, टाइप केला. सदर खेळावर कंपनीचा हक्क राहिलेला नाही. तिनं घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जाहिरात नाही, काही नाही, आठ महिन्यांत तो खेळ इथून तिथे पसरला. आमच्या ऑफिसातली पोरं माझ्यासमोर तो बंद करायची, घरात वारलेल्या माणसाचा फोटो झाकावा तसा. मी पास केलेले खेळ पडत गेले, नापास केलेला एक उभा राहिला. रस्त्यात त्या हॉर्नचा आवाज आला की मी दुसऱ्या बाजूला बघायला शिकलो.

दुपारी बबनरावांचा फोन आला. आता ते थकलेत, कंपनीत येत नाहीत. "गुरू, जेवलास का?" त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "पोरगं रातरात बसून असतंय. मला बगवत न्हाई. तुज्या सहीवर आमी कदी शंका घेतली न्हाई, व्हय ना? आता ही एवडी एक सही कर. तेवडं पोराचं घर ऱ्हाईल." मी "बघतो" म्हणालो. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. आणि खरं सांगायचं तर, कागदातलं ते खोटं मला नुसतं मालकासाठीच हवं होतं असं नाही. मला ते माझ्यासाठीही हवंसं वाटत होतं. वीस मिनिटं पाहून नापास केला, तर मी निष्काळजी. निष्काळजी माणसाला लोक विसरतात. अकरा तास खेळून, आवडून, नापास केला, तर मी कोण? याला नावच नव्हतं. पावणेचारला मी चिंचवडला जिना चढलो तेव्हा सही करायची असंच माझं ठरलेलं होतं.

वकील नीला मॅडम पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. अनिश आधीच येऊन बसला होता. शर्ट चुरगळलेला. मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि एकदा मोठ्यानं वाचून दाखवला. केवळ वीस मिनिटे, या शब्दांवर त्या जरा थांबल्या. "एवढं बरोबर आहे ना? समोरची बाजू तुम्हाला विचारणार. पुरेसं पाहिलं नव्हतं, असंच ना?" ते 'पुरेसं' माझंच होतं. मी मृदुलाला तेच म्हणालो होतो.

"वीस नाही," मी म्हणालो.

"मग किती? अर्धा तास लिहू?"

"अकरा तास. पूर्ण खेळ. हाच, आज बाजारात आहे तोच."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "गुरुदत्तराव, असं कोण करतं? अकरा तास खेळायचं आणि मग नापास करायचं? तुम्हाला तिला वाचवायचं असेल तर तसं सांगा."

"वाचवत नाही. जे झालं ते सांगतोय."

"मग दावा उभाच राहत नाही," त्या अनिशकडे वळून म्हणाल्या. "कंपनीनं पूर्ण पाहून सोडलाय. खेळ तिचाच."

अनिश माझ्याकडे बघत होता. तो चिडेल असं मला वाटलं होतं. "काका, बत्तीस माणसं आहेत," तो हळूच म्हणाला. मी म्हणालो, "माहीत आहे रे." खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचा टूं-टूं आवाज येत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला आवडला होता?"

निघोज्यात आणि वाकडला मिळून अठरा वर्षं झाली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारणार कसं, विचारायचा नसतो हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. "हो," मी म्हणालो. "फार."

"आणि गडगर्जना?"

इथे खोटं बोललो असतो तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. तो खेळ केव्हाच मेला होता. दोन शब्द बरे बोलून पोराला घरी पाठवता आलं असतं. पण एकदा तोंड उघडलं की ते आपलं राहत नाही. "नाही," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून नाही."

"एक्क्याण्णव दिले होतेत तुम्ही."

"फॉर्ममध्ये तेवढेच बसत होते."

त्यानं समोरचा कागद ओढून घेतला, सहीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि तो नीट उलटा करून ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दोन वर्षं आपण ज्या दाराशी उभे होतो त्याच्या आत कुणीच नव्हतं, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि मला ते डोळ्यांदेखत बघावं लागत होतं. मला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. मी ठेवला नाही.

"चूक माझीच," तो उठत म्हणाला. "मी फॉर्म बघत बसलो. तुम्हाला विचारायला हवं होतं."

तो जिना उतरून गेला. नीला मॅडम फाईल बांधायला लागल्या. मी तसाच बसून राहिलो. विचारलं असतंस तरी मी तुझ्यापुढे फॉर्मच सरकवला असता, हे त्याच्या मागे जाऊन सांगायला मला उठता आलं नाही.